फरक मोजला, उंची राहिली

मित्रांनो, मला जुनी म्हणा, मळकी म्हणा, अडगळ म्हणा, माझी तक्रार नाही. पण खराब म्हणू नका. माझ्या गळ्यात एक पिवळी चिठ्ठी दोऱ्याने बांधलेली आहे आणि तिच्यावर ठळक अक्षरांत नेमका तोच शब्द लिहिलेला आहे. ज्या हाताने ती बांधली, त्याच हाताने पुढे मला निर्दोष ठरवलं, तरी चिठ्ठी काही सोडली नाही. आता हॉस्पिटलच्या यंत्रविभागात सगळ्यात खालच्या फळीवर मी वेटोळं घालून पडले आहे. जो येतो तो वाकतो, चिठ्ठी वाचतो, नाक मुरडतो आणि शेजारची दुसरी तार उचलून नेतो. किती दिवस गप्प बसायचं? परमेश्वराने मला पोचवण्याचं काम दिलं होतं. आज माझीच गोष्ट पोचवते. चित्त देऊन ऐका, आणि कृपा करून मध्येच उठून जाऊ नका.

मी एक जोडतार. म्हणजे तांब्याच्या दोन बारीक तारा, वेणीसारख्या एकमेकींभोवती पिळलेल्या. एकीला थोरली म्हणू, दुसरीला धाकटी. एकाच आवरणात माझ्यासारख्या आणखीही जोड्या होत्या, पण सगळ्यांचं दुखणं एकच, म्हणून सगळ्यांच्या वतीने मीच बोलते.

आमचं काम चित्र वाहून नेण्याचं. कॅमेऱ्याने पाहिलेलं पडद्यापर्यंत पोचवायचं, तेही अशा वेगाने की तुमची पापणी लवेपर्यंत आमच्या लाखो खेपा झालेल्या असतात. रीत अशी : थोरली किंचित वर गेली की धाकटी तेवढीच खाली, धाकटी वर आली की थोरली खाली. पडद्यामागे एक छोटा डबा बसलेला असतो, त्याला आम्ही ऐकणारा म्हणतो. तो दोघींची वजाबाकी करतो आणि जो फरक उरतो त्यावरून चित्र उभं करतो.

मग एकच तार का नाही पुरत, असं तुम्ही विचाराल. विचाराच, चांगला प्रश्न आहे. अहो, बाहेर गलका किती असतो! पंखे, दिवे, मोटारी, फोन, सगळ्यांचा आवाज विजेच्या वाटेने आमच्या अंगावर येतो. एकटी तार त्यात भांबावून जाते. पण आम्ही दोघी अशा घट्ट पिळलेल्या असतो की गलका आला तर दोघींवर सारखाच येतो. थोरलीत जेवढा भरला तेवढाच धाकटीत. वजाबाकी केली की गलका गेला, गोष्ट उरली. देवाने बहिणी कशासाठी दिल्या असतील, याचा मी विचार करते तेव्हा मला हेच सुचतं. वादळ दोघींनी मिळून सोसायचं आणि आतलं सांगणं शाबूत ठेवायचं.

पण सोसण्याला हद्द असते, मित्रांनो. आणि ती हद्द लिहून ठेवलेली असते! माझा राग नेमका इथूनच सुरू होतो.

एक दृष्टान्त देते. खिडकीशी एक माणूस बसला आहे असं समजा. समोर अंगणात दोन बहिणी सी-सॉवर खेळताहेत. एक वर, एक खाली. खिडकीतून त्याला दोघी दिसतात, कोण वर आणि कोण खाली हे तो बरोबर सांगतो. आता कुणी ते सगळं अंगणच दोन माणसं उंच उचललं तर? बहिणी तशाच खेळताहेत. त्यांच्यातला फरक तोच, ताल तोच. पण त्या खिडकीच्या वर निघून गेल्या. माणसाला काय दिसणार? रिकामी भिंत. मग तो ओरडतो, "मुली खेळायच्या थांबल्या!" मुली थांबल्या नव्हत्या हो. खिडकी अपुरी पडली होती.

आमच्या ऐकणाऱ्यालाही अशीच खिडकी असते. दोघी मिळून त्याच्या शून्यापासून, म्हणजे तो जिला जमीन मानतो त्या पातळीपासून, किती उंचीवर चालतील आणि किती वर-खाली झालेलं त्याला सोसेल, हे त्याच्या माहितीपत्रकात लिहिलेलं असतं. पण फरकाबद्दल पानंच्या पानं, आणि उंचीबद्दल शेवटी बारीक अक्षरांत एक ओळ. ती वाचायला कुणाला वेळ आहे?

एका बाईंना होता. जिथे मी बनले त्या कारखान्यात एक चाचणीवाल्या बाई होत्या. चष्मा कपाळावर, आवाज खणखणीत. नवीन माणूस चाचणीला बसला की तो दोन चिमटे लावायचा, एक थोरलीला, एक धाकटीला, फरक बघायचा आणि म्हणायचा, "झालं, बाई." की बाईंचं ठरलेलं उत्तर यायचं, "वजाबाकी झाली. बेरीज केली का?"

म्हणजे प्रत्येकीची उंची वेगळी मोज, दोघींची मिळून उंची काढ, ती जागेवर आहे का बघ. माणसं कंटाळायची. मागून नक्कल करायची. एकाने तर चहा देताना विचारलं, "बाई, साखर झाली, बेरीज करू का?" बाई सगळ्यांत मोठ्याने हसल्या आणि हसता हसता त्याला पुन्हा चाचणीला बसवलं. त्यांचं ते वाक्य मला तेव्हापासून भजनाच्या ध्रुवपदासारखं पाठ आहे. वजाबाकी झाली. बेरीज केली का?

तिथून मी हॉस्पिटलात आले. इथे दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळांची एक खोली आहे. काचेच्या पेट्यांत ती तळहाताएवढी बाळं झोपलेली असतात. माझं एक टोक तिथल्या एका पेटीवरच्या कॅमेऱ्याला जोडलं. मी छतातून कॉरिडॉर ओलांडला आणि दुसरं टोक लिफ्टशेजारच्या एका खोलीत पडद्यामागच्या डब्यात शिरलं. त्या खोलीत बाळाची आई होती. तिला कांजिण्या झाल्या होत्या. बाळाजवळ जायला सक्त मनाई. जन्मल्यापासून तिने बाळाला हात लावला नव्हता. तिला जे काही बाळ मिळत होतं ते माझ्यातून.

आणि बाळाला जे काही आई मिळत होती, तीही एका परीने माझ्यातूनच. कशी, ते सांगते. सिस्टर बाटली आणि पंप आणून द्यायच्या, आई दूध काढायची, ते दूध नळीने थेंब थेंब बाळाला जायचं. पण दूध काही नळ फिरवल्यासारखं येत नाही. पडद्यावर बाळाने मूठ उघडली, तोंड हलवलं, की आईला पान्हा फुटायचा. मी माझ्या अंगातून बाळाची मूठ नेत होते आणि पलीकडे दूध उतरत होतं! याहून मोठं पुण्याचं काम कुठल्या तारेच्या वाट्याला आलं असेल?

तिच्यासोबत तिची थोरली बहीण असायची. तिला लहानपणीच कांजिण्या येऊन गेलेल्या, म्हणून तिला आत यायची मुभा. आई तिला अक्का म्हणायची. अक्काचं तोंड दिवसभर चालू.

"बघ बघ, जांभई देतोय! अगदी तुझ्या नवऱ्यासारखी. एवढं मोठं तोंड!"

"अक्का, हसवू नकोस गं. खाज सुटते."

"मग मी रडवू का? तेही जमतं मला."

सगळं असं सुरळीत चाललं असताना चित्र जायला लागलं.

बाळ दिसतंय, दिसतंय, आणि एकदम पडदा काळा. थोड्या वेळाने परत बाळ. मग परत काळा. आईचा जीव टांगणीला. पडदा काळा झाला की तिला वाटायचं, तिकडे काहीतरी झालं आणि आपल्यापासून लपवताहेत. "सिस्टर! सिस्टर, बघून या ना!" सिस्टर धावत जायच्या, धावत यायच्या. "छान झोपलाय हो. पडद्याचा घोळ आहे नुसता." पण ऐकेल ती आई कसली? पंप तसाच हातात, आणि बाटलीत थेंब नाही.

सिस्टर एकदा दोघींकडे बघून म्हणाल्या, "तुम्हा दोघींत जास्त घाबरलंय कोण, ते तरी सांगा. तिला आधी समजावते."

"ही," अक्का म्हणाली.

"अक्काच," आई म्हणाली.

दोघींचे चेहरे सारखेच पांढरेफटक होते. फरक शोधायला गेलं तर शून्य.

मग यंत्रविभागाचे साहेब आले. हॉस्पिटलात त्यांना ठीकठाकसाहेब म्हणत, कारण तपासणी झाली की ते दर वेळी म्हणायचे, "ठीक आहे, ठाक आहे." माणूस वाईट नव्हता. हे मी रागात असूनही सांगते. पण त्यांची एक पद्धत होती. त्यांची उपकरणं एका जड लोखंडी गाड्यावर असायची. तो गाडा घेऊन वर आले की ते लिफ्टमनचं लाकडी स्टूल लिफ्टच्या दारात अडकवून ठेवायचे, म्हणजे परत जाताना लिफ्टची वाट बघावी लागत नसे. दार मिटायला बघायचं, स्टुलाला आपटायचं, परत उघडायचं. तपासणी संपेपर्यंत लिफ्ट आपली तिथेच उभी, आणि जिन्यात माणसांच्या शिव्या.

साहेब चिमटे लावायचे. एक थोरलीला, एक धाकटीला. फरक उत्तम. पडद्यावर चित्र लख्ख. "ठीक आहे, ठाक आहे." गाडा ढकलला, स्टूल काढलं, लिफ्टने खाली गेले. ते तळाला पोचायच्या आत पडदा काळा!

मित्रांनो, मला वाचा असती तर मी तेव्हाच किंचाळले असते. अहो साहेब, लिफ्टची मोटर सुरू झाली की या खोलीचं अंगण हलतं! कॅमेरा एका वीजजोडणीवर आणि पडदा लिफ्टच्या बाजूच्या दुसऱ्याच जोडणीवर. दोघांचं शून्य वेगवेगळं. लिफ्टने झटका दिला की या दोन शून्यांत पायरी पडते, वर मोटारीचा कर्कश गलका, आणि ऐकणाऱ्याच्या हिशेबाने आम्ही दोघी बहिणी एकदम उचलल्या जातो. आम्ही तेव्हाही बाळाची मूठ नेत असतो. आमच्यातला फरक तसाच असतो. खिडकी अपुरी पडते हो, खिडकी!

पण ऐकणार कोण? साहेबांनी मला काढलं, माझ्याच वाणाची दुसरी तार लावली. चित्र गेलं. तिसरी लावली. तेही गेलं. मग पुन्हा मला जोडलं, आणि कंटाळून लिहिलं : खराब. दोरा माझ्या गळ्यात. ऐकणाऱ्याचं माहितीपत्रक त्यांच्या कपाटात होतं. ती बारीक ओळही होती. पण बोट ठेवणार कुठल्या संशयावर? फरक तर ठीक होता ना! सगळ्या जगाची नजर फरकावर. कोण वर, कोण खाली, कोण जास्त, कोण कमी. दोघी मिळून कुठे फेकल्या गेल्या, हे बघायला माणसाला मान जरा उचलावी लागते, तेवढी उचलवत नाही का?

शेवटी मोठे डॉक्टर येऊन म्हणाले, "या पडद्यानं पेशंटचा त्रास वाढतोय. उद्यापासून ही सोय बंद करा."

आई अंथरुणात उठून बसली. तोंडभर कांजिण्यांचे फोड, केस विस्कटलेले. ती ओरडली नाही. हात जोडून म्हणाली, "नका ना काढू, डॉक्टर. अधूनमधून दिसला तरी चालेल मला."

अधूनमधून दिसला तरी चालेल! ते ऐकून माझ्या तांब्याला घाम फुटायचा बाकी राहिला. मी पाय धरले असते देवाचे, पण तारेला हात कुठले?

त्याची दया म्हणा, पण कारखान्याने आमच्या तीन तारांच्या तक्रारीवरून माणूस पाठवला होता, तो दुसऱ्याच दिवशी सकाळी हजर झाला. माणूस कसला, आमच्या चाचणीवाल्या बाई! चष्मा तसाच कपाळावर. साहेब गाडा घेऊन आले, स्टूल दारात अडकलं, चित्र लख्ख. बाई पडद्याकडे बघतात, माझ्याकडे बघतात, गळ्यातली चिठ्ठी वाचतात. कपाळाला आठी.

तेवढ्यात अक्का जिन्याने धापा टाकत वर आली. एका हातात पाण्याची बाटली, दुसऱ्यात धुतलेल्या कपड्यांची पिशवी.

"ते स्टूल कोण अडकवतं हो दारात?"

"मी," साहेब म्हणाले. "पाचच मिनिटं, बाई."

"तुमची पाच मिनिटं आणि आमचे गुडघे!"

"तुमच्या चित्रासाठीच चाललंय ना सगळं? बघा, आहे की नाही ठीक?"

"आत्ता ठीकच असतं! तुम्ही आलात की लिफ्ट बंद आणि चित्र चालू. तुम्ही गेलात की लिफ्ट चालू आणि चित्र बंद. आम्ही काय जन्मभर जिने चढायचे, बाळ बघायला?"

चाचणीवाल्या बाई ताडकन उभ्या राहिल्या. "काय म्हणालात? परत म्हणा."

"परत कशाला? जिन्यात कुणालाही विचारा, लिफ्टच्या नावाने सगळे खडे फोडताहेत."

"साहेब, ते स्टूल काढा."

"अहो, पण माझा गाडा…"

"गाडा राहू दे इथेच. तो काही पळून जात नाही. स्टूल काढा."

स्टूल निघालं. बाईंनी तीन चिमटे घेतले. एक थोरलीला, एक धाकटीला आणि तिसरा ऐकणाऱ्या डब्याच्या धातूच्या अंगाला, म्हणजे त्याच्या शून्याला. उपकरणावर आमच्या दोन रेघा उमटल्या, एकमेकींची आरशातली रूपं असल्यासारख्या. खालून कुणीतरी लिफ्टचं बटण दाबलं. मोटर घरघरली. आणि दोन्ही रेघा, हातात हात घातल्यासारख्या, एकदम उसळून चौकटीबाहेर! पडदा काळा.

बाई साहेबांकडे वळल्या.

"फरक?" बाईंनी विचारलं.

"फरक ठीक आहे," साहेब म्हणाले. या वेळी ठाक काही आलं नाही.

"बेरीज केली का?"

साहेब लिफ्टकडे बघत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे मी तपासायला यायचो, आणि येताना चोरालाच दारात बांधून ठेवायचो."

"चोराला बांधून घर तपासलं, साहेब. चोरी कशी सापडणार?"

अक्काला त्यातलं विज्ञान कळलं नसेल, पण मतलब बरोबर कळला. "हे कळलं नसतं तर आज माझ्या बहिणीची ही खिडकी मिटली असती की हो!" ती म्हणाली, आणि इतके दिवस तोंड चालवणारी अक्का पदराने डोळे पुसत खाली बसली. तिकडे आई रडत होती. दोघी एकदम. सिस्टरांनी या वेळी कोण जास्त हे विचारलं नाही. दोघींच्या मध्ये बसल्या आणि एकेक हात धरला.

बाईंनी आणि साहेबांनी मिळून मग काम केलं. दोन खोल्यांचं अर्थिंग जाड वायरने एकत्र बांधलं, म्हणजे दोघांचं शून्य एक झालं. ऐकणारा डबा बदलून मोठ्या खिडकीचा बसवला. आणि माझ्या टोकाशी दोघींभोवती एक काळं चुंबकी कडं घातलं. हे कडं मोठं गुणी. आमचं वर-खाली बोलणं बिनबोभाट जाऊ देतं, पण दोघींवर एकदम आलेला गलका दारातच अडवतं. तार बदलायची गरजच नव्हती. तार मीच होते, पहिलीच, चिठ्ठीसकट.

लिफ्ट खाली गेली, वर आली. बाळ दिसत होतं. साहेबांनी मुद्दाम लिफ्टमनला पाठवून ती पुन्हा पुन्हा पळवली. बाळाने मूठ उघडली. आई म्हणाली, "सिस्टर, पंप द्या." एवढंच म्हणाली. मला स्वर्ग दोन बोटं उरला.

कांजिण्यांच्या खपल्या पडल्या, आई बाळाला भेटली, बाळ मोठं झालं आणि एके दिवशी घरी निघालं. जाताना आईने काय केलं माहीत आहे? पडद्याच्या काचेवरून हात फिरवला आणि म्हणाली, "तुझे उपकार विसरणार नाही." पडद्याला! तो नुसता दाखवत होता हो! अक्काने कॅमेऱ्याकडे बघून हात जोडले. छतातल्या तारेकडे कुणी मान वर करून बघितलं नाही. त्यांना मी दोष देत नाही. देवाचं देणंसुद्धा असंच न दिसणाऱ्या वाटेने येतं आणि माणूस ताटाला नमस्कार करतो. पण ज्यांना वाट माहीत होती, त्यांनी तरी?

पुढे त्या खोल्यांत बिनतारी पडदे आले. मला काढलं, वेटोळं केलं, इथे ठेवलं. साहेब आता तपासताना तिसरा चिमटा लावतात, दारात स्टूल अडकवत नाहीत, आणि नव्या माणसांना बाईंचं वाक्य आपलंच असल्यासारखं ऐकवतात. ऐकवोत. चांगलं वाक्य कुणाच्याही तोंडी शोभतं. फक्त फळीवरची चिठ्ठी त्यांना अजून दिसलेली नाही.

म्हणून मित्रांनो, तुमच्याकडे मागणं आहे. दोन तारा जोडाल तेव्हा शेवटची बारीक ओळ वाचा. आणि घरात दोन भावंडं असतील, दोन मैत्रिणी असतील, म्हातारा-म्हातारी असतील, तर कोण जास्त थकलं आणि कोण कमी, एवढंच विचारून परत फिरू नका. दोघांवर एकदम आलेलं ओझं फरकात दिसत नाही. तिसरा चिमटा जमिनीला लावा, मान वर करा, आणि दोघं मिळून कुठे जाऊन पोचली आहेत ते बघा.

आणि कधी यंत्रविभागात आलात, तर सगळ्यात खालच्या फळीशी जरा वाका. चिठ्ठी पिवळी आहे, चटकन दिसेल. कात्री शोधत बसू नका. दोऱ्याची गाठ साधी आहे, बोटांनी सुटेल.